गुणवंतीचं खडप

गुणवंतीच्या हातातून रक्त येतंय हे दर वेळी मलाच तिला सांगावं लागायचं. आठवड्यातून दोनदा ती कालवं घेऊन माझ्या मागच्या दारी यायची. पायरीवर पाटी टेकवायची, वाटा माझ्या पातेल्यात ओतायची, आणि त्या पांढुरक्या गरांत टपकन लाल थेंब पडायचा. "अगं, हात बघ हात!" मी ओरडायची. ती हात वर करून बघायची, शेजारणीचा असावा तसा, आणि पदराला पुसून टाकायची. "नाय कळला," एवढंच म्हणायची.

कालवाच्या कडा ब्लेडसारख्या असतात. खाडीत खडकाला घट्ट चिकटलेलं कालव लोखंडाने उचकटताना हात कापणारच, त्यात नवल नाही. पण बाकीच्या बायका कळवळतात, शिव्या घालतात, हळद भरतात. गुणवंतीच्या शेजारची हौसा तर एवढंसं खरचटलं तरी खाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. गुणवंतीचंही पूर्वी तसंच होतं. अडीच वर्षांपूर्वी ते थांबलं.

मी रत्नागिरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर आरे-वाऱ्याच्या रस्त्याला, पुलाच्या अलीकडे, खाडीच्या काठावर दोन खोल्या बांधल्या. भाऊ म्हणाला, एकटी बाई तिथे काय करणार? मी म्हटलं, पोरांपेक्षा खाडी बरी, निदान उलट उत्तरं देत नाही. वाडीतले लोक मला नुसतंच 'बाई' म्हणतात आणि माझ्या तोंडाला वचकून असतात, असा माझा समज आहे. गुणवंती तेवढी वचकत नाही. ती कशालाच घाबरत नाही, आणि यात तिचं कौतुक करण्यासारखं काही नाही. घाबरायला आत काहीतरी जागं असावं लागतं.

आमच्या खाडीत सुकतीला पाणी ओसरलं की खडकांचे पसरट कट्टे उघडे पडतात. त्यांना खडप म्हणतात. वाडीतल्या बारा घरांची बारा खडपं आहेत. ती सातबाऱ्यावर नाहीत, कुठल्या कागदावर नाहीत. सासूकडून सुनेकडे येतात. दुसरीच्या खडपाला लोखंड लावायचं नाही, हा नियम. मग ती बाई आजारी असो, बाळंत असो, की माहेरी गेलेली असो, तिची कालवं तशीच राहतात. गुणवंतीला तिचं खडप सासूने दिलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. नवरा गंगाराम काविळीने लवकर गेला. पदरात एक मुलगा, अजिंक्य. त्या खडपाने दोघांना पोसलं.

आणखी एक रीत आहे. कालवं फोडून उरलेल्या शिंपल्या जमिनीवर टाकायच्या नाहीत. वर्षभर दाराशी ढीग करायचा आणि वैशाखात, पावसाआधी, टोपल्या भरून आपापल्या खडपावर नेऊन पसरायच्या. बायका याला खाडीला परत देणं म्हणतात. मी त्यांना एकदा सांगितलं की कालवांची पिल्लं जुन्या शिंपल्यांवरच चांगली बसतात, म्हणजे तुमची रीत शास्त्राला धरून आहे. हौसा म्हणाली, "शास्त्राला आता कळला व्हय?" मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. सहसा देत नाही.

अजिंक्य सव्वीस वर्षांचा होता. काका केरू याच्या अर्ध्या भागीदारीत त्याने 'भैरीकृपा' नावाची बोट घेतली होती. दोन हजार बावीसच्या ऑगस्टमध्ये, मासेमारी नुकती सुरू झाली होती, तेव्हा तो दोन खलाशांना घेऊन गेला. बाहेर वारा उठला, पंख्यात दोर अडकला, इंजिन बंद पडलं. दोर सोडवायला अजिंक्य पाण्यात उतरला आणि परत वर आला नाही. खलाशी तीन दिवस नुसते वाहत होते. केरळच्या एका मोठ्या बोटीला ते दिसले. तिने दोघांना वाचवलं आणि भैरीकृपा ओढत आपल्या बंदरात नेली.

महिन्याभराने दक्षिणेकडे एका किनाऱ्यावर एक देह लागला. ओळखण्याच्या पलीकडे गेलेला. पोलिसांनी गुणवंतीला बोलावून रक्त घेतलं, आईचं आणि त्या देहाचं जुळतंय का बघायला. मी तिच्याबरोबर गेले होते. सुई टोचली तेव्हा तिने तोंड वेडावाकडं केलं, ते मला आठवतंय, कारण नंतर मी तिला तसं करताना पाहिलं नाही. काही आठवड्यांनी कागद आला. जुळत नाही.

"म्हंजे तो नाय," ती म्हणाली.

"तो देह त्याचा नाही," मी म्हटलं.

"मग तो खय?"

मी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली. देह सापडला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करतात. केरूने दोनदा विषय काढला, भटजीही येऊन गेले. गुणवंतीने नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. ती उठून सुकतीला निघून गेली. ती रडली नाही. बायका आधी म्हणाल्या धीराची आहे, मग म्हणाल्या दगडाची आहे. मला दोन्हीचा राग आला. ती फक्त बधिर झाली होती, भूल उतरायची राहून गेल्यासारखी. सकाळी उठत होती, कालवं काढत होती, भात शिजवत होती, आणि त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

बोटीची कागदपत्रं सुटायला नऊ महिने लागले. दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात केरू केरळला गेला, इंजिन दुरुस्त करून घेतलं आणि पाच दिवस चालवत भैरीकृपा घरी आणली. नऊ महिने एका जागी पडून तिच्या बुडावर बोटभर जाडीचा थर बसला होता. बोट वाळूवर ओढली. केरूने सांगितलं, खरवडून सगळं वर सुरूच्या झाडांमागे खड्ड्यात टाका. खरवडायला गुणवंती बसली. दिवसभर कोणाला हात लावू दिला नाही. केरू म्हणाला, वहिनीला करू दे, तिच्या पोराची बोट आहे.

त्याच आठवड्यात वाडीतल्या बायका शिंपल्या परत द्यायला खाडीत उतरत होत्या. संध्याकाळच्या सुकतीला मी काठावर उभी होते. गुणवंती दोन टोपल्या घेऊन गेली. माझ्या समोरून गेली. टोपलीतलं एक शिंपलं खाली पडलं, ते मी उचललं. अंगठ्याच्या पेराएवढं, काळपट तपकिरी, आणि बंद. बंद म्हणजे जिवंत. मी मनात म्हटलं, शिनाण्याचं, आमच्या खाडीतल्या हिरवट शिंपल्याचं, पिल्लू दिसतंय, आणि तिच्या टोपलीत परत टाकलं. एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं मी. पेपर तपासताना पोरांचे अर्धे अर्धे गुण कापले. ते शिंपलं हातात घेऊन मी साधा विचार केला नाही की रिकाम्या शिंपल्यांत जिवंत काय करतंय.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीला हौसा माझ्या दारात आली. तिच्या ओंजळीत मूठभर काळ्या शिंपल्या होत्या, एकमेकींना धाग्यांनी चिकटलेल्या, झुपक्याने.

"बाई, ह्या काय शिनान्या नायत. ह्या दुसऱ्याच कायतरी हायत. माज्या कालवांवर बसल्यात. कालवाला तोंड उघडाय जागा नाय. आत गर नाय, नुसता पानी."

मी खाडीत उतरून बघितलं. गुणवंतीचं मधलं खडप काळं झालं होतं. सगळंच. गालिचा अंथरावा तसं. तिच्या दोन्ही बाजूंची खडपं अर्धी काळी, पुढची थोडी थोडी. बायकांचं ठरलं, सगळ्यांनी आपापलं खडप खरवडून काढायचं. गुणवंतीने एकच वाक्य सांगितलं.

"माज्या खडपाला कोन लोखंड लावायचा नाय."

नियमच तो. पण ती स्वतःही लावत नव्हती. त्या काळ्या थरातून अधूनमधून डोकावणारं एखादं कालव ती हाताने चाचपून काढायची, काळ्यांना धक्का न लावता. पाटी रिकामीच राहायला लागली. माझ्या पातेल्यात आठवड्याला दोन वाटे पडायचे ते अर्ध्यावर आले. हौसा आणि बाकीच्या खरवडायच्या आणि महिन्याभरात तिच्या खडपावरून पुन्हा येऊन बसायचं.

मी वेदिकाला फोन केला. वेदिका माझी विद्यार्थिनी. बारावीला तिने काढलेला बेडूक मला पावाच्या लादीसारखा दिसला होता आणि मी तो वर्गात सगळ्यांना दाखवला होता, हे ती विसरलेली नाही. आता ती दूरच्या एका संस्थेत समुद्री जिवांवर संशोधन करते. एका पिशवीत बाटल्या आणि स्पिरिट घेऊन आली. खडपावर बसली, शिंपलं उघडलं, पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, ह्या इथल्या नाहीत."

"ते हौसाने दिवाळीतच सांगितलंय," मी म्हटलं, "आणि तिने पीएचडी केलेली नाही."

या जातीचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर. जहाजांच्या बुडांना चिकटून ती जगभर फिरते. वेदिकाने प्रत्येक खडपावरून नमुने घेतले. गुणवंतीच्या खडपाकडे वळली तेव्हा बायका हातातलं काम टाकून बघत होत्या. गुणवंती तिथे उकिडवी बसली होती.

"काकी, चार घेऊ का? फक्त चार."

"मारनार?"

"हो. त्याशिवाय आतलं वाचता येत नाही."

गुणवंतीने बराच वेळ हात फिरवला आणि स्वतः चार निवडून दिल्या. मग विचारलं, "आत काय वाचतंस गो?"

पेशीत जिवाचं सगळं लिहिलेलं असतं, त्याला जीनोम म्हणतात, पेशी म्हणजे ग्रंथालय, असं मी एकतीस वर्षं शिकवत आले आणि पोरं जांभया देत आली. वेदिकाने ग्रंथालय काढलंच नाही. ती म्हणाली, "काकी, परगावी जायचं म्हणून कोणी ट्रंक भरतं तसं समजा. ट्रंकेत सगळं असतं. छत्री, स्वेटर, पातळ लुगडं. या शिंपल्या जिथून आल्या तिथे पाणी कधी खारं, कधी गोडं, कधी तापलेलं. हजारो वर्षं ते सोसत त्यांच्या वाडवडिलांची ट्रंक भरत गेली. एकाच्या जागी चार चार छत्र्या. आता इथे पावसात नदीचं गोडं पाणी आलं की कालवं हैराण होतात, या नुसती छत्री उघडतात."

"म्हंजे हिकडं येऊन शिकल्या नायत."

"नाही. येतानाच घेऊन आल्या. सगळ्यांची ट्रंक सारखी नसते. ज्यांच्यात छत्री नव्हती त्या पहिल्याच पावसात मेल्या असतील. ज्यांच्यात होती त्या राहिल्या, आणि आता दिसतात ती त्यांची पोरं. पहिल्या पावसातून फार थोड्या वाचल्या असतील. पन्नास, शंभर."

"आनि ह्या सगळ्या त्यांच्याच?"

"सगळ्या."

गुणवंतीने खडपाकडे पाहिलं. पाणी चढायला लागलं होतं.

"अजिंक्यला पवाय येत व्हता," ती म्हणाली. "चांगला पवायचा."

वेदिकाला अजिंक्य कोण ते माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला हाताने खूण केली, लिही तू, बाटल्यांवर नावं लिही.

निकाल दोन महिन्यांनी आला. वेदिका स्वतः आली, आणि फेब्रुवारीतल्या एका दुपारी सगळी वाडी सहाणेवर जमली. शिमग्यात पालखी टेकते तो हा दगडी चौथरा. वाडीचे सगळे निवाडे तिथेच होतात. लोकांचं आधीच ठरलेलं होतं की ही घाण लांबच्या जेटीला लागणाऱ्या मोठ्या जहाजांनी आणली. नुकसानभरपाईचा अर्जसुद्धा लिहून तयार होता.

वेदिकाने सरळ सांगितलं. तिने आमच्या शिंपल्यांचा जीनोम चार बंदरांतल्या शिंपल्यांशी ताडून पाहिला होता. जहाजांच्या जेटीवरच्या वेगळ्या निघाल्या. मुंबईकडच्या वेगळ्या. "केरळच्या एका बंदराशी जुळलं. अगदी घट्ट जुळलं. तिथून एकाच खेपेला, एकाच बोटीने आल्यात, आणि सगळ्यात जुन्या मधल्या खडपावर आहेत." तिने बंदराचं नाव घेतलं.

पोरीला कल्पना नव्हती ती काय बोलतेय. मला होती, पण तेव्हा उशीर झाला होता. माना एकेक करून केरूकडे वळल्या. त्या बंदरातून आमच्या खाडीत आजवर एकच बोट आली होती.

"केरूनं आनलान," हौसा म्हणाली. "आमच्या पोटावर आनून घातलान!"

केरू उठला. तो तसा मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी मागच्या रांगेला ऐकू जाईना. "मी... मी खड्ड्यात टाकाय लावला व्हता सगळा. वाळूवर. भैरीची शपथ." कोणीतरी म्हणालं, याची बोट यंदा खाडीत लागू द्यायची नाही. दुसऱ्याने दुजोरा दिला. तरी केरूने गुणवंतीकडे पाहिलं नाही, हे मी बघत होते. त्याला कळलं होतं, आणि तो खाली मान घालून उभा राहिला.

बायकांच्या मागच्या रांगेतून गुणवंती उठली. आवाज नेहमीचाच, वाट्याचा भाव सांगावा तसा.

"भावजींनी खड्ड्यात टाकाय सांगितला व्हता. मी नाय टाकला. माज्या खडपावर नेऊन घातल्या."

"कशाला?" हौसाने विचारलं.

"शिपल्या काय जमिनीवर टाकतात?"

तिथल्या प्रत्येक बाईने तेच केलं असतं. गुणवंती थोडी थांबली आणि म्हणाली, "आनि त्या त्याच्या बोटीवरच्या व्हत्या. दुसरा काय आला मला परत?"

मग ती वेदिकाकडे वळली. "तुजा जुळला ना गो?"

"हो काकी," वेदिका पुटपुटली.

"बरा झाला. माजा नाय जुळला."

ती सहाणेवरून उतरून घरी गेली. कोणी तिला अडवलं नाही. अर्ज तिथेच पडला होता, तो वाऱ्याने उडाला तरी कोणी उचलला नाही.

वेदिकाने नंतर उरलेलं सांगितलं. पावसाआधी या शिंपल्या पाण्यात सगळ्यात जास्त बीज सोडतात. त्याआधी, फाल्गुनाच्या अमावास्येच्या मोठ्या सुकतीला, बाराही खडपं एकदम खरवडायला हवीत. एक जरी राहिलं तरी बाकी अकरांची मेहनत फुकट. आणि ते एक कुठलं, हे सांगायची गरज नव्हती. हौसा माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमी बोला तिला. मी नाय बोलनार. माजी जीभ जळो, मी केरूचा नाव घेतला." नियम मोडून तिच्या खडपाला लोखंड लावायला एकही बाई तयार नव्हती, पोटावर पाय आला तरी.

मी गेले. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनेच गेले, कारण मला दुसरं काही येत नाही. गुणवंती तांदूळ निवडत बसली होती. भिंतीवर अजिंक्यचा फोटो, त्याला हार नाही. हार घालायचा की नाही हेच ठरलेलं नव्हतं. मी आत जाऊन बसले आणि भांडण तोंडातून निघेना.

"मी बघितलं होतं गं," मी म्हटलं. "त्या दिवशी तू टोपल्या घेऊन गेलीस तेव्हा. एक खाली पडलं, मी हातात घेतलं होतं. मला कळायला हवं होतं. तुझ्यापेक्षा मला कळायला हवं होतं."

"तुमाला कसा कळनार? तुमी पुस्तकातली." तिने खडा बाजूला टाकला. मला लागलं, पण खोटं नव्हतं.

डब्यातून तिने घडी केलेला कागद काढला. तोच, रक्ताच्या तपासणीचा. घड्यांवर फाटला होता. "हे बगा. ह्याच्यात लिवलाय ना, नाय जुळत? मी दर अमावाश्येला काडून बगते. वाटतं एकादा अक्षर बदललेला असंल."

मला रडू आलं. तिला नाही आलं. ती माझ्याकडे शांतपणे बघत राहिली, कालवांत रक्त पडलं की बघायची तसं.

"बाई, ती पोरगी म्हनते त्या थोड्याच वाचलेल्या. पन्नास. त्यांचीच ही सगळी."

"हो."

"मी रोज बसते थंय. वाटतं, पोराच्या बोटीवरच्या हायत, वाडल्यात, पोरं झाली त्यांना. अजिंक्यचा लगीन व्हायचा व्हता. ह्यांचा झाला." ती पहिल्यांदा हसल्यासारखी झाली. "खुळी झालंय नाय मी?"

"नाही," मी म्हटलं. मग माझा स्वभाव आडवा आलाच. "पण त्या त्याच्या कोणी नाहीत, गुणवंती. त्याच्या बोटीला चिकटल्या, एवढंच. त्या कशालाही चिकटतात. हौसाची कालवं श्वास कोंडून मरतायत. तुझ्या सासूची कालवं मेली. ते तुला चालतंय?"

तिचे हात सुपात थांबले. मला वाटलं, आता मला घालवून देईल, आणि दिलं असतं तर मी निमूट गेले असते.

"सगळ्या खरवडल्या तर सगळ्या जातील काय?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. पण वेदिकाने मला स्पष्ट सांगितलं होतं. "नाही. एखाद्या कपारीत, पुलाच्या खांबाला, काही राहणारच. एकदा आल्या की पुऱ्या जात नाहीत. दर वर्षी खरवडावं लागेल. फक्त कालवांना श्वास घ्यायला जागा मिळेल."

तिने सुपातले तांदूळ बोटांनी सारखे केले. मग सूप पाखडलं, कोंडा उडाला. "मग ऱ्हातील त्या ऱ्हाऊदेत खाडीत," ती म्हणाली. "माज्या खडपावर नकोत."

अमावास्येनंतर, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुकती होती. बारा बायका, केरू, त्याच्या बोटीवरचे खलाशी, वेदिका आणि काठीला धरून मी. सगळे मधल्या खडपापाशी येऊन थांबले. लोखंड कोणी उचललं नाही. गुणवंतीने पहिला घाव घातला, मग मागे वळून म्हणाली, "बगताय काय? लावा." तेव्हा हौसा तिच्या शेजारी बसली. दुसरीच्या खडपाला दुसरीचं लोखंड लागलेलं वाडीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तीन तास खरवडत होते. काळ्या थराखाली बहुतेक कालवं मेलेली होती, पोकळ. पण कडेला, खोबणीत, हाताच्या पंजाएवढी काही जिवंत निघाली. हौसाने मोजली, एकवीस. भरती चढेपर्यंत टोपल्या भरभरून वर नेल्या, सुरूच्या झाडांमागे केरूने खणलेल्या खड्ड्यात. दोन वर्षांपूर्वी त्याने दाखवलेली जागा तीच. वर चुना टाकायचा होता. शेवटची टोपली गुणवंतीने कोणाला उचलू दिली नाही. खड्ड्याच्या काठावर ती टोपली कडेवर धरून उभी राहिली. शिंपल्या जमिनीवर टाकायची तिची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. तिने टोपली पालथी केली, तळाला चिकटलेल्या दोन बोटांनी सोडवून टाकल्या, टोपली झटकली आणि केरूला म्हणाली, "घाला चुना."

दुपारी ती माझ्या मागच्या दारी आली. पाटी नव्हती. रिकाम्या हाताने ती माझ्याकडे कधी आली नव्हती. पायरीवर बसली.

"भावजींना सांगितलाय," ती म्हणाली. "भटजींना दिवस इचारा म्हनून. पानांचा पुतळा करतात तसा."

"बरं," मी म्हटलं.

"फोटोला हार तुमी आना. मी नाय आननार."

"आणीन."

ती खाडीकडे बघत बसली. मी तांदूळ धुवायला वळले, तेवढ्यात तिने हात पुढे केला. तळवा आडवा फाटला होता, पार अंगठ्याच्या मुळापर्यंत, चुना आणि खारं पाणी आत गेलेलं. दर वेळी मी सांगायचे. या वेळी मी अजून पाहिलंही नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "हात लय दुकतोय वो." आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला, सुई टोचली तेव्हा झाला होता तसा, आणि मग तो तसाच राहिला, आणि त्यातून आवाज फुटला.

मी हळदीचा डबा आणायला आत गेले आणि डबा समोर असून दोनदा फडताळ धुंडाळलं. बाहेर ती मोठमोठ्याने रडत होती, आणि मधेच हुंदका गिळून मला ओरडत होती, "बाई, आना ना लवकर! किती येळ लावताय?"

"आणते गं, आणते," मी म्हटलं.